कापसातलं वळण

बाभळीला कापूस लागतो का? परभणी-जिंतूर रस्त्यावर लागतो. दिवाळी सरली की कापसानं फुगलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो डुलत डुलत निघतात, आणि कडेच्या बाभळी त्यांना जाता-येता ओरबाडून घेतात. मग महिनाभर काट्याकाट्याला पांढरे पुंजके. या डिसेंबरात झरी मागं पडली आणि एस्टीच्या खिडकीतून ते पुंजके दिसले. कॅमेरा पिशवीतच राहिला. मी नुसती बघत बसले.

खरं तर फोटो काढायलाच आले होते. मी पुण्यात व्हिडिओ गेमच्या लेव्हल बांधते. म्हणजे खेळणारा ज्या जागेत फिरतो ती घरं, बोळ, जिने, दारं. उजेड कुठून यावा, भिंत कुठं संपावी, माणूस कुठं थबकावा, हे ठरवायचं. आधी आर्किटेक्चर शिकले, मग इकडं वळले. आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, हे काही केल्या पटत नाही. कोणी विचारलं की सांगतात, "घरं बांधती म्हणं. पन राहायला कोनीच जात न्हाई." त्यांच्या दृष्टीनं हा निव्वळ मातेऱ्याचा धंदा.

सध्या आम्ही एक जुनं घर करतोय. धुक्यानं भरलेलं घर, दोन हातांवरचं दिसत नाही, आणि मागच्या खोलीतल्या मुलीला पुढच्या दारापर्यंत जायचंय. एवढंच. पण खेळून बघणारे सगळे एकाच वळणावर अडकतात, भलत्या बाजूला शिरतात, वैतागतात आणि खेळ बंद करतात. ऋत्विक नावाचा पोरगा माझ्यासोबत काम करतो. हुशार आहे, पण त्याच्या मते प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, बाण. "मॅडम, वळणावर एक चमकणारा बाण लावू. विषय संपला." त्यानं संदर्भासाठी चित्रंही ढिगानं जमवलीत. परदेशातली उंच देवळं, जपानातल्या गल्ल्या, राजस्थानातल्या पायऱ्यांच्या विहिरी. डोळे निवतील अशी. त्यातलं एकेक आमच्या घरात घालून पाहिलं. घर देखणं झालं आणि खेळणारे तिथंच अडकत राहिले.

तेव्हा मी म्हटलं, थांब, मी गावाकडं जाऊन येते. आमच्याकडं एक तसलं घर होतं.

होतं. आता तिथं स्लॅब आहे, खाली चकचकीत फरशी, वर पाण्याची काळी टाकी. माळवद पाडून बरीच वर्षं झाली. मातीचं सपाट छत, त्यावर पोरं, वाळवणं आणि मांजरं, असं ते घर होतं. कापूसही आता घरात येत नाही, व्यापारी शेतातूनच उचलून नेतात. मी कॅमेरा घेऊन फरशीवर उभी राहिले तेव्हा आईनं विचारलं, "कशाचा फोटू काढायलीस? भिताडाचा?" मी कॅमेरा पुन्हा पिशवीत टाकला.

ज्या संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदललं, त्या हिवाळ्याची ही गोष्ट. मी सातवीत होते. वर्षानुवर्षं चाललेल्या नामांतराच्या वादाचा शेवट जवळ आलाय, असं सगळे म्हणत होते, आणि त्यामुळंच सगळे दबकून होते. एस्टी कधी यायची, कधी फाट्यावरूनच परतायची. कापसाची खरेदीही तशीच, आज चालू, उद्या बंद. गाड्या भरून न्यायच्या आणि रस्त्यात अडकायच्या, यापेक्षा कापूस घरात बरा, असं दादांनी ठरवलं. आणि त्या वर्षी नेमका कापूस लय झाला.

ज्यांनी कापसाचं घर पाहिलं नाही त्यांना कसं सांगावं. आधी एक कोपरा जातो. मग बाज बाहेर निघते. मग एक भिंत दिसेनाशी होते, तिच्यावरचा देवाचा फोटो अर्धा बुडतो, मग पुरता बुडतो. आम्ही पोरं वर चढून कापूस तुडवायचो, तो खाली दबायचा, की दुसरी गाठोडी येऊन पडायची. सरकीचा तेलकट, उबदार वास. केसांत, भाकरीत, पाण्याच्या तांब्यातसुद्धा कापूस. दिवा-चिमणी माजघरात न्यायची नाही अशी सक्त ताकीद, आणि दादांची विडी थेट रस्त्यावर. थंडीत मात्र त्या घरासारखी झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

घराची ठेवण साधी होती. पुढं ओटा, मध्ये लांबलचक माजघर, मागं चूल आणि चुलीशेजारी गोदाआत्याची खोली. गोदाआत्या दादांची थोरली बहीण. लहानपणी देवी आल्या आणि तिचे दोन्ही डोळे गेले. लग्न झालं नाही. ती या घरातच वाढली, या घरातच तिचे केस पिकले. उजवा तळहात भिंतीला टेकवून ती माजघरातून अशी सरळ चालत यायची की नवा माणूस ओळखायचाच नाही. भिंतीवर त्या उंचीला एक काळसर, तुळतुळीत पट्टा पडला होता. आई दर दिवाळीला पांढऱ्या मातीनं घर पोतारायची, तेव्हा तेवढा पट्टा मात्र सोडायची.

ऊन वर आलं की आत्या ओट्यावर येऊन वाती वळायला बसायची. ते तिचं राज्य. गावातल्या बाया नदीला जाता-येता तिच्यापाशी टेकायच्या, वाती न्यायच्या, बातम्या द्यायच्या. आणि संक्रांतीला तर काय. देवळात वाण घेऊन जाणारी एकूण एक बाई आधी आमच्या ओट्यावर थांबायची, आत्याच्या हातची वातींची जुडी घ्यायची. आत्याला ना कोणी हळदीकुंकवाला बोलवायचं, ना ती जायची. पण तो दिवस तिचा असायचा. वर्षभर ती त्या दिवसाचं बोलायची.

त्या वर्षी कापूस माजघरात चढत चढत गेला आणि तिची भिंत त्याच्याआड गेली.

मधून एक बोळ ठेवला होता, माणूस जाईल एवढा. तो मधल्या खांबाला वळसा घालायचा आणि तिथं त्याला दोन फाटे फुटायचे. एक ओट्याच्या दाराकडं. दुसरा ज्वारीच्या कणगीकडं, कारण ज्वारी तर रोज लागणार. तिकडं पुढं वाट नव्हती, नुसता खड्ड्यागत एक कोनाडा. डोळसाला यात काय अवघड? आम्ही दिवसात पन्नासदा पळायचो.

एका सकाळी आत्या ओट्यावर दिसेना. आईला वाटलं खोलीत आहे, मला वाटलं परसात गेली. मी ज्वारी काढायला कणगीकडं गेले तर ती तिथं उभी. दोन्ही हात कापसात टेकलेले, लुगड्याला, भुवयांना कापूस चिकटलेला. केव्हापासून उभी होती कोण जाणे. हाक मारली नव्हती.

"कुंदे, तू हायस का?" ती म्हणाली. "उगं उभी हाय. कनगी बघायले."

मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं तो मागं घेतला. मग स्वतःच माझ्या खांद्यावर ठेवला. तिनं कोणाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी तोवर पाहिला नव्हता. मला रडू यायला लागलं, आणि ते तिला कळू नये म्हणून मी मोठमोठ्यानं कसलंतरी बोलत राहिले.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. आई म्हणाली, "वन्सं, कापूस निघंपर्यंत खोलीतच बसा की. पडलात, हाडबिड मोडलं तर कोनाच्या गळ्यात?" आईचं बोलणं कडू असायचं, पण भीती खरी होती. दादांनी त्यांच्या परीनं तोड काढली. बैलाचा कासरा घेतला, एक टोक आत्याच्या खोलीच्या चौकटीला बांधलं, दुसरं ओट्याच्या खांबाला. "आक्का, धरून चालत जा. हाय काय अन् न्हाई काय."

आत्यानं दोरी हातात घेतली, बोटांनी तिचा पीळ चाचपला आणि सोडून दिली.

"कासरा धरून बैल चालतो, दादाराव. मी न्हाई."

ती खोलीत जाऊन बसली ती बसलीच. वाती वळायची, पण अंधारात, भिंतीकडं तोंड करून. ओट्यावर येणाऱ्या बाया विचारायच्या, आई सांगायची, बरं नाही त्यांना. संक्रांत जवळ येत होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. आत्या संक्रांतीला खोलीतच बसली तर ती पुन्हा कधी ओट्यावर येणार नाही, असं मला पक्कं वाटायला लागलं होतं. लेकरांना अशा गोष्टी बरोबर कळतात.

गयाबाई आमच्या शेतात वेचणीला यायची. भीमनगरातली. आत्याची आणि तिची दोस्ती जुनी, दोघी एका वयाच्या. संध्याकाळी वेचलेला कापूस आत आणून टाकताना तिनं माजघरात उभं राहून एकदा खाकरून पाहिलं आणि मला म्हणाली, "बघ, आवाज हाय का? कापूस आवाज खातो, पोरी. गोदाक्काला निस्ती भितच घावंना असं न्हाई. तिला घरच ऐकू यायलं न्हाई."

मी खाकरून पाहिलं. खरंच, आवाज तोंडातून निघून तिथंच पडायचा. इतकी वर्षं आत्या तळहातासोबत कानानंही चालत होती, हे घरातल्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मी डोळे मिटून तो बोळ चालले. आज मी लोकांना पगार देऊन जे काम करून घेते, ते मी पहिल्यांदा तेव्हा केलं. पहिल्या खेपेला थेट कणगीत घुसले. दुसऱ्या खेपेलाही. कितीदाही चाललं तरी खांबापाशी दोन्ही बाजू सारख्याच, मऊ, गरम, मुक्या. तिसऱ्यांदा नाकाला काहीतरी लागलं. कणगीच्या बाजूला ज्वारीचा जुना, कोंदट वास होता, पण बारीक. मी परसातल्या लसणाच्या जुड्या आणून तिथं टांगल्या. आता ती बाजू बोलायला लागली. दाराची बाजू अजून मुकीच होती.

माळवदाला उजेडासाठी एक भोक असतं, त्याला आमच्याकडं सवनं म्हणतात. आमचं सवनं खांबाच्या पुढं, बरोबर दाराच्या फाट्यावर होतं. दव पडून कापूस भिजू नये म्हणून दादांनी त्यावर पत्रा टाकून दगड ठेवला होता. मी म्हटलं, ऊन आल्यावर काढू या. दादा म्हणाले, "यडी का काय? मालाचं मातेरं करायचंय का? चिमन्या घरटी करतेल." मी दिवसभर तोंड फुगवून बसले. जेवले नाही. शेवटी ते वैतागून म्हणाले, "दव उडल्यावर काढायचा, साळंला जायच्या आत झाकायचा. इसरलीस तर माझ्याशी गाठ हाय." हे म्हणजे होकारच.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी शिडीनं चढले आणि पत्रा सरकवला. खाली येऊन डोळे मिटून चालत गेले. खांबापाशी डावीकडून लसणाचा भपकारा, आणि उजवीकडं वळले तर कपाळावर, गालांवर ऊन. थंडीच्या दिवसांतलं, हलकं. त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत असणार, पण मी डोळे उघडले नाहीत. मी तशीच दारापर्यंत गेले.

भोगीच्या दिवशी आईनं माजघराचा बोळ सारवायला घेतला. सणाचं सारवण, त्यात नवल काही नाही. पण मी पाहिलं तर कणगीकडची जमीन तिनं ओल्या फडक्यानं गुळगुळीत केली होती, आणि दाराकडच्या वाटेवर बोटांचे अर्धगोल तसेच ठेवले होते, एकापुढं एक, पार उंबऱ्यापर्यंत. शेण वाळलं की ते अर्धगोल तळपायाला बारीक लागतात. मी आईकडं बघितलं. तिनं बादली उचलली. "काय बघायलीस? फडकं फाटलं, म्हनून तेवढं ऱ्हायलं," म्हणाली. फडकं धडधाकट होतं.

आत्याला आम्ही कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तोही एक कासराच झाला असता. मी फक्त संक्रांतीला सकाळी तिच्या खोलीत जाऊन म्हटलं, "आत्या, माजघरात ऊन आलंय."

"माजघरात?" ती म्हणाली. "माजघरात कसं काय ऊन येईल, गं माय?"

"मला काय माहीत. बघ की येऊन."

ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग उठली. वातींच्या जुड्या ओच्यात घेतल्या. मी तिच्या मागं, आई चुलीपाशी, हातात तिळाची पोळी तशीच धरलेली. आत्या अनवाणी चालत होती. चार पावलांत ती थबकली. तळपाय जमिनीवर फिरवला, मागं, पुढं. पुन्हा चालायला लागली. खांबापाशी तिचे हात वर आले, नाक किंचित डावीकडं वळलं, आणि ती म्हणाली, "लसूण." स्वतःशीच. मग उजवीकडं एक पाऊल टाकलं आणि ऊन तिच्या तोंडावर पडलं.

ती तिथं उभी राहिली. चेहरा वर केलेला, देवीच्या व्रणांवर ऊन. ती हसली, आणि तशीच पुढं, अर्धगोलांवरून, उंबऱ्यावरून ओट्यावर गेली. मागं चुलीवर पोळी करपल्याचा वास आला. आई पदर तोंडाला लावून उभी होती.

त्या दिवशी बाया आल्या, वाती नेल्या, तीळगूळ देऊन गेल्या. रेडिओवर नामांतराची बातमी आली. दादा म्हणाले, आपल्याला काय करायचं, आणि रेडिओ बारीक केला. त्याच आठवड्यात गयाबाई आली. नवं पांढरं लुगडं नेसलेली, हातात साखरेची पुडी. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आणि वेचलेल्या कापसाचं ओझं डोक्यावर असलं की ती सरळ माजघरात यायची. ओझं नसलं की खालच्या पायरीशीच उभी राहायची. हे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. घर बांधणाऱ्यानं ते जणू पायऱ्यांतच बांधून ठेवलं होतं.

"गोदाक्का, तोंड गोड कर," ती म्हणाली.

आत्या म्हणाली, "गया, तुझा आवाज खालून यायलाय. वर ये."

"ऱ्हाऊ दे आक्का. बरी हाय हितं."

"मी एवढा कापूस तुडवीत आले माझ्या पायानं. तुला तीन पायऱ्या चढायला काय झालं?"

दादा दारात होते. आई आत होती. गयाबाईनं वर बघितलं, आणि ती चढली. आत्यानं सरकून जागा केली, हात पुढं केला, साखर घेऊन तोंडात टाकली. मग दोघी वाती वळत बसल्या. आईनं थोड्या वेळानं दोन कपांत चहा आणला. कप सारखे होते. मी तेव्हा ते मुद्दाम पाहिलं होतं, म्हणून आठवतं.

परवा पुण्याला परतल्यावर ऋत्विकनं विचारलं, "मॅडम, फोटो?" मी म्हटलं, एकही नाही. त्याला जवळ बसवून घेतलं आणि घर पुन्हा मांडलं. वळणाच्या आधी पावलांचा आवाज मिटवला. भलत्या बाजूला तो कोंदट, दाबलेला ठेवला. बरोबर बाजूला वरून एक उन्हाची तिरीप, आणि जमीन किंचित खडबडीत, चालताना पावलाचा आवाज बदलेल इतकीच. ऋत्विकनं मध्यंतरी लावून ठेवलेला बाण काढला. काल एक मुलगी ते खेळायला बसली. वळणावर थांबली, एकदा मागं वळून पाहिलं आणि उन्हात शिरली. पुढच्या दाराशी पोचल्यावर म्हणाली, "वाट माझी मलाच सापडली." ऋत्विक माझ्याकडं बघायला लागला. मी चहा आणायच्या निमित्तानं उठले. तिथं बसवेना.

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. ती असती तर तिला या कामाचं काय सांगितलं असतं कोण जाणे. दादांपेक्षा तिला लवकर कळलं असतं एवढं मात्र नक्की.

त्या वर्षी होळीच्या आसपास कापूस गेला. गाड्या भरल्या, माजघर रिकामं झालं, आवाज घुमायला लागला. देवाचा फोटो वर आला, भिंतीवरचा काळसर पट्टा वर आला. आईनं लसणाच्या जुड्या काढल्या. मी सवन्यावरचा दगड-पत्रा कायमचा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आत्या खोलीतून निघाली. मला वाटलं, आता ती तिचा तळहात टेकवेल आणि पूर्वीसारखी सरळ येईल.

ती आली. भिंतीला हात न लावता, मोकळ्या माजघराच्या मधून, खांबाला वळसा घालून. जिथं काहीसुद्धा आडवं नव्हतं तिथं ती वळली, उन्हात घटकाभर थांबली आणि मग दाराकडं गेली.

"आत्या," मी म्हटलं, "आता कापूस न्हाई तिथं. सरळ जा की."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "घर ऐकू यायलंय की. पन ही वाट माझ्यासाठी केलेली हाय. माझ्यासाठी कोनी कधी वाट केली नव्हती."

आणि ती मरेपर्यंत त्या रिकाम्या माजघरात ते वळण घेऊनच चालत राहिली.